मुलाची बचाव सहायक

सोमवार, ३ जून

चिरंजीव आज सकाळी दोन बॅगा घेऊन दारात उभे. मी विचारलं, बदली झाली का? म्हणाला, "थोडे दिवस इथंच राहतो, आई. कोर्टाने एक कागद काढलाय."

मी हात पुढे केला. पालिकेच्या आस्थापना शाखेत एकतीस वर्षं काढली, त्यातली नऊ अधीक्षक म्हणून. कागद म्हटलं की माझा हात आपोआप पुढे होतो. त्याने तेव्हा दिला नाही, जेवण झाल्यावर दिला.

संरक्षण आदेश आहे, सहा महिन्यांचा. सुनेच्या घरी जायचं नाही, ती काम करते त्या पालिकेच्या दवाखान्यात जायचं नाही, फोन नाही, कुणाच्या हातून निरोप नाही. नातीला शनिवारी दोन तास भेटायचं, तेही कोर्टाच्या बाईंसमोर. तारीख पाहिली, १३ मे. म्हणजे एकवीस दिवस हा अग्निशमन केंद्रातल्या बराकीत झोपत होता आणि मला पत्ता नाही.

सून तिथल्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. मुलगी शांत, कामात चोख, पण मनाने जरा नाजूक, असं मला पहिल्यापासून वाटत आलंय. ह्याचा आवाज मोठा, स्वभाव तापट, वडिलांवर गेलाय. तापट माणसाला घरात सांभाळायची एक हातोटी असते. मला ती होती. दाराला किल्ली कशी लागते त्यावरून मी ओळखायचे, आज रेडिओ चालू ठेवायचा की बंद करायचा. तिला तेवढं जमलं नाही, इतकंच.

गुरुवार, ६ जून

खात्याकडून कारणे दाखवा नोटीस आली. दोन ठपके आहेत.

पहिला, कोर्टाचा आदेश मिळूनही सात दिवसांत खात्याला लेखी कळवलं नाही. दुसरा, आदेश लागू असताना २४ मे रोजी गणवेशात, बंब घेऊन, आग-सुरक्षा तपासणीच्या नावाखाली दवाखान्यात गेला आणि प्रयोगशाळेच्या दाराशी चाळीस मिनिटं उभा राहिला.

नोटिशीत परिपत्रकाचा हवाला आहे. तो वाचला आणि हसू आलं. ते परिपत्रक माझंच. सात वर्षांपूर्वी मसुदा मी केला होता. साहेबांनी "कळवावे" लिहिलं होतं, मी ते खोडून "कळविणे बंधनकारक राहील" केलं. "कळवावे"ला पळवाट असते. घरचा मामला खात्याने का बघायचा, असं तेव्हा बरेच जण म्हणाले. मी उत्तर दिलं होतं की माणसाला कुठं जायची बंदी आहे हे खात्याला ठाऊक नसेल, तर खातं स्वतःच त्याला तिथं कामावर पाठवील. सभागृहात कुणाला तोंड उघडता आलं नव्हतं.

लेक म्हणाला, "म्हणजे तुझाच फास माझ्या गळ्यात." दोघंही हसलो.

दुसऱ्या ठपक्याबद्दल विचारलं. तपासणी आधीच ठरलेली होती म्हणतो. २० मेच्या तपासणी नोंदवहीत तसं लिहिलंय म्हणे. मग काही प्रश्नच नाही.

हा कोण आहे हे लोकांना माहीत नाही. मागच्या वर्षी कापडाच्या गोदामाला आग लागली, तेव्हा धुरातून चार माणसं ह्याने बाहेर काढली. चौथ्या खेपेला आत जाऊ नको म्हणून वरिष्ठ ओरडत होते. बाजारात आजही लोक मला थांबवून सांगतात की केंद्रप्रमुखांच्या आई ना तुम्ही. अशा माणसाची एका कागदावरून अब्रू काढायची नसते.

रविवार, ९ जून

ठरलं. चौकशीत त्याची बचाव सहायक मी होणार. निवृत्त कर्मचारी चालतो असा नियम आहे आणि आई चालत नाही असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. दोनदा वाचून खात्री केली.

पेन्सिलला फोन केला. ती माझ्या हाताखाली तयार झालेली. कानावर कायम पेन्सिल, म्हणून हे नाव मीच पाडलेलं. आज ती माझ्या खुर्चीवर आहे आणि चौकशीत खात्याची बाजू तीच मांडणार आहे.

ती म्हणाली, "बाई, तुम्ही नका ना ह्यात पडू."

"का गं, घाबरलीस?"

"हो," ती म्हणाली. "पण त्यासाठी नाही."

मला मात्र बरं वाटलं. निवृत्तीनंतर चार वर्षांनी कुणीतरी मला घाबरलं.

मंगळवार, १८ जून

आज पहिली सुनावणी झाली. चौकशी अधिकारी वाहन शाखेचे अभियंता आहेत, सर्दीने बेजार, पण माणूस सरळ वाटला. खोली तीच, जिथं आम्ही पूर्वी सेवापुस्तकं ठेवायचो. खिडकीची कडी अजून तुटलेलीच आहे.

आधी दवाखान्याच्या मुख्य परिचारिका आल्या. पेन्सिलने विचारलं, दवाखान्यात आग विझवायची नळकांडी किती? नऊ. साहेबांनी तपासली किती? एक. ते कुठं होतं? प्रयोगशाळेच्या दाराशेजारी. मी त्यावर विचारलं, तपासणीची सुरुवात एका नळकांड्यापासूनच होते ना? त्या हो म्हणाल्या. तेवढं पुरे होतं.

मग पहारेकरी आला. त्याने सांगितलं की साहेब अकरा वाजता आले, मी पुढच्या फाटकावर होतो, दारातून आत दिसत होतं. मी त्याचा पाळीचा तक्ता काढून समोर ठेवला. साडेअकरापर्यंत तो मागच्या फाटकावर नेमलेला होता. बिचाऱ्याची बोबडी वळली. अकरा की साडेअकरा, पुढं की मागं, त्याला काही सांगता येईना. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं की साक्षीत विसंगती आहे.

लेक जिन्यात म्हणाला, "आई, तू म्हणजे तोफ आहेस." किती वर्षांनी त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. घरी चालत आले. पाय जमिनीवर नव्हते.

एक गोष्ट लिहून ठेवते. फाटकाबाहेर पहारेकरी भेटला. वडील गेल्यावर त्यांच्या जागी ह्याला नोकरी लावायचं प्रकरण मीच मार्गी लावलं होतं. तो रागावलेला नव्हता. म्हणाला, "घड्याळ चुकलं असेल बाई. पण त्या ताई आत टेबलाखाली बसल्या होत्या, ते मी बघितलं. ते कुणी विचारलंच नाही."

मी म्हटलं, जे विचारलं जातं तेवढंच सांगायचं असतं. नियम तसाच आहे.

बुधवार, २६ जून

सुनेची साक्ष २ जुलैला आहे. लेकाने मला तिला विचारायच्या प्रश्नांची यादी दिली. एकूण अकरा. झोपेच्या गोळ्या कधीपासून घेता? माहेरी जाऊन किती दिवस राहिलात? मुलीला शाळेत सोडायला किती वेळा उशीर झाला? मी म्हटलं, ह्यांचा दवाखान्याच्या तपासणीशी काय संबंध? म्हणाला, "विचार तर खरं. रडायला लागेल बघ."

मला ते आवडलं नाही. आपली बाजू कागदावर भक्कम असताना कुणाला रडवायची गरज काय? म्हणून मूळ तपासणी नोंदवही बघायला आज अभिलेख कक्षात गेले. आपल्याकडे आलेली होती ती झेरॉक्स.

नोंदवहीत रोज संध्याकाळी केंद्राचा कारकून शेवटच्या नोंदीखाली लाल रेघ मारून सही करतो. रेघ मारली की तो दिवस मिटला. २० मेची शेवटची नोंद ११८. तिच्याखाली लाल रेघ, सही. रेघेच्या खाली, पुढच्या दिवसाच्या ११९ च्या वर, बोटभर जागेत कोंबून लिहिलंय: ११८अ, दवाखान्याची अग्निशमन तपासणी दि. २४ रोजी. झेरॉक्समध्ये लाल रेघ काळीच आली होती, ती ओळीखालची साधी रेघ वाटली होती.

अक्षर त्याचंच आहे. "श"ची गाठ तो खालून मारतो. पहिलीत असताना मीच शिकवली होती.

पंधरा मिनिटं नोंदवही तशीच उघडी ठेवून बसले. अभिलेखपालाने पाणी आणून दिलं.

गुरुवार, २७ जून

सकाळी चहा ठेवला होता, तेव्हा विचारलं. ओरडून नाही, आरोप करून नाही. एवढंच की, ११८अ कधी लिहिलंस?

तो म्हणाला, "तू कुणाच्या बाजूची आहेस?"

मी म्हटलं, तुझ्याच. म्हणून तर विचारते. पेन्सिलने मूळ वही मागवली तर काय उत्तर द्यायचं?

"तिच्यासारखं करू नकोस," तो म्हणाला. "तीही असंच एकेक विचारत बसायची." आणि माझं मनगट धरलं. फार वेळ नाही. चहा उतू जाऊन गॅस विझेपर्यंत. मी त्याच्याकडे बघत होते आणि तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या हाताकडे बघत होता.

नंतर त्याने माफी मागितली. शेगडी पुसली, ओटा धुतला, नवा चहा केला, माझ्यासाठी बाहेरून बिस्किटं आणली. त्याचे वडीलही नंतर असेच फार प्रेमाने वागायचे.



सोमवार, १ जुलै

उकाडा आहे तरी लांब बाह्यांचं घातलंय. शेजारीण म्हणाली, थंडी वाजते का? मी म्हटलं, हो, जरा कसकस आहे. तोंडातून किती पटकन आलं.

सुनेला टेबलाखाली बसावं लागलं होतं. रक्ताच्या बाटल्या, सूक्ष्मदर्शक, आणि ती खाली. पहारेकऱ्याने सांगितलं तेव्हा मी नियम सांगितला.

उद्या काय करायचं ते ठरलेलं नाही. यादी पिशवीत घातली आहे.

मंगळवार, २ जुलै

सगळं जसं झालं तसं लिहिते.

सून आली. पांढरा कोट घालूनच आली होती, कामावरून थेट. बारीक झालीय. पेन्सिलच्या प्रश्नांना तिने नीट उत्तरं दिली. म्हणाली, तो आला तेव्हा मी पाठमोरी होते, बुटांच्या आवाजावरून ओळखलं, नमुने सांडू नयेत म्हणून आधी ते बाजूला ठेवले आणि मग खाली बसले. हे सांगताना तिचा आवाज जराही हलला नाही. कुठल्याही शाखेला अभिमान वाटावा अशी साक्ष. नमुने आधी बाजूला ठेवले.

मग अधिकारी म्हणाले, बचाव सहायक, तुमची उलटतपासणी.

मी उभी राहिले. ती म्हणाली, "विचारा, आई."

अधिकारी शिंकले आणि म्हणाले, "इथं त्यांना बचाव सहायक म्हणायचं." ती म्हणाली, "बरं," आणि पुन्हा माझ्याकडे बघून थांबली.

अकरा प्रश्न हातात होते. मी त्यातला एकही विचारला नाही. मी विचारलं, "तू मला कधी का सांगितलं नाहीस?"

अधिकारी म्हणाले, हा प्रश्न गैरलागू आहे. पण तिने उत्तर दिलं.

"सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी, तुमच्या स्वयंपाकघरात. तुम्ही म्हणालात, तो यायच्या वेळी रेडिओ बंद करत जा."

मला आठवलं. भाजी चिरत होते. सल्ला दिला आणि दिला याचं समाधानही वाटलं होतं.

लेखनिकाने विचारलं, हे नोंदवायचं का? अधिकारी विचारात पडले. मी म्हटलं, "नोंदवा. माझ्या नावासमोर."

मग दहा मिनिटं मागून घेतली. बाहेरच्या बाकावर बसून अर्ज लिहिला: मी बचाव सहायक या कामातून मुक्त होत आहे, कर्मचाऱ्यास दुसरा सहायक नेमण्यास वेळ द्यावा, आणि नोंदवहीबाबत मला जे प्रत्यक्ष दिसले ते साक्षीदार म्हणून सांगण्याची परवानगी मिळावी. लेक मागून आला. अर्ज खांद्यावरून वाचला.

"आई, घरी बोलू."

"घरी नाही," मी म्हटलं. "बोलायचं ते इथं बोल. चार माणसांत."

धुरात चार वेळा शिरणारा माझा मुलगा, आणि तीन ओळींच्या अर्जासमोर त्याचा चेहरा पडला. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही. आत जाऊन अर्ज दिला.

आठवड्याभराने, ९ जुलैला, माझी साक्ष ठेवली आहे. मी अधिकाऱ्यांना म्हटलं, मूळ वही आजच कुलपात ठेवा आणि किल्ली कुणाकडे ते लिहून घ्या.

संध्याकाळी त्याला सांगितलं की आजपासून दुसरी सोय बघ. तो बॅगा भरत असताना मी शेजारणीला येऊन बसायला सांगितलं होतं. आपल्याच मुलाच्या भीतीने. हेही लिहून ठेवते.

मंगळवार, ९ जुलै

साक्ष दिली. बावीस मिनिटं. लाल रेघ म्हणजे काय, ती कोण मारतो, तिच्याखाली त्या दिवसाचं काही का असू शकत नाही. पेन्सिलने विचारलं, अक्षर कुणाचं? मी सांगितलं. कशावरून? "मीच गिरवून घेतलंय."

त्याच्या नव्या सहायकाने विचारलं, तुमचा मुलाशी काही वाद आहे का? मी बाही वर केली. पिवळसर डाग राहिला होता. म्हटलं, "वाद नाही. प्रश्न विचारला होता."

हे सांगेन असं मी ठरवलं नव्हतं.

पहारेकऱ्याला पुन्हा बोलवावं अशी विनंतीही मीच केली. तो आला, टेबलाचं सांगितलं. वेळेचं कुणी विचारलं नाही.

शनिवार, १३ जुलै

सुनेकडे गेले. आधी विचारलं, येऊ का? तिने एक दिवस घेतला, मग या म्हणाली. नात आतल्या खोलीत चित्र काढत होती.

दारातच म्हटलं, "तू सांगितलं होतंस आणि मी ऐकलं नाही."

ती "हो" म्हणाली. असू दे म्हणाली नाही. मला तिचा फार अभिमान वाटला. मी तिच्या वयाची असते तर शंभर वेळा असू दे म्हटलं असतं.

मग म्हणाली, आत या.

गुरुवार, २५ जुलै

निकाल लागला. दोन्ही ठपके सिद्ध, शिवाय नोंदवहीत मागाहून नोंद केल्याचा तिसरा. बडतर्फी नाही. पेन्सिलने सुनेचं म्हणणं लेखी मागवलं होतं. त्यात तिने लिहिलं, "त्यांची नोकरी जावी अशी माझी मागणी नाही. गणवेशाचा धाक दाखवून ते माझ्यासमोर येऊ नयेत, एवढीच आहे." केंद्रप्रमुखपद गेलं, एक पायरी खाली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, बंबाचे पाण्याचे पाईप दुरुस्त करायच्या कार्यशाळेत नेमणूक. कोर्टाने सांगितलेला समुपदेशनाचा वर्ग पूर्ण करून दर महिन्याला दाखला द्यायचा. आदेश पुन्हा मोडला तर सेवा समाप्त.

आदेशाची भाषा मी तीन वेळा वाचली. एकही शब्द जास्त नाही, एकही कमी नाही. पेन्सिलने लिहिलाय. डोळे भरून आले ते मुलासाठी की तिच्या मसुद्यासाठी, सांगता येणार नाही.

बाजारात एकजण म्हणाला, आईनेच मुलाला खाली आणलं. मी म्हटलं, हो. आणि वांगी घेतली.

सोमवार, ५ ऑगस्ट

लेकाचा फोन आला. चौतीस दिवसांनी. कार्यशाळेत पाईप शिवायला शिकतोय म्हणाला. वर्गाला दोनदा गेला. "तिथं विचारतात, घरात सगळ्यांत आधी कुणाला घाबरलात. मी बाबांचं नाव सांगितलं." मग म्हणाला, "तू कुणाला सांगितलंस कधी?"

मी म्हटलं, नाही.

"का?"

विचार करून सांगते म्हटलं.

गुरुवार, ८ ऑगस्ट

पेन्सिलने बोलावलं होतं. परिपत्रकात सुधारणा करायचीय, नजर टाका म्हणाली. माझी जुनी खुर्ची तिने मला दिली आणि स्वतः समोर बसली.

मी माझंच परिपत्रक सात वर्षांनी वाचलं. ज्याच्यावर आदेश आहे त्याने काय करावं, याची नऊ कलमं. जिच्या बाजूने आदेश आहे तीही आपलीच कर्मचारी असू शकते, तिच्यासाठी एक ओळ नाही. बदली हवी असेल तर? काउंटरवरून आत बसायचं असेल तर? चार दिवस रजा हवी असेल तर? ह्यातलं मला काहीच सुचलं नव्हतं. मला, म्हणजे बघा.

आम्ही दोघींनी मिळून चार कलमं घातली. चौथं मी सांगितलं आणि तिने लिहून घेतलं: या प्रयोजनार्थ घेतलेल्या रजेच्या अर्जात कारण नमूद करण्याची सक्ती राहणार नाही.

तिने विचारलं, "हे कशाला, बाई? कारणाशिवाय रजा वर मंजूर होणार नाही. टिपणीत समर्थन द्यावं लागेल."

मी तिला सांगितलं. नोकरीच्या सहाव्या वर्षी मी अकरा दिवस रजेवर होते. अर्जात ताप लिहिलं. ताप नव्हता. तोंड सुजलं होतं आणि ती सूज उतरायला अकरा दिवस लागले. एकतीस वर्षांत फायलीवर लिहिलेली माझी खोटी ओळ तेवढी एकच, आणि ती मला लिहावी लागली कारण अर्जात कारणाचा रकाना होता.

पंखा चालू होता, बाहेर कुणीतरी शिक्के मारत होतं. मग तिने टिपणी लिहायला घेतली आणि वाचून दाखवली: "एका निवृत्त कर्मचाऱ्याच्या अनुभवावरून सदर तरतूद प्रस्तावित आहे."

मी म्हटलं, एका निवृत्त कर्मचाऱ्याच्या नको. नाव घाल. पूर्ण, पदासकट.

"वर सगळे वाचतील, बाई."

"वाचू देत."

तिने घातलं. आडनावातली वेलांटी चुकवली होती. ती मी माझ्या हाताने दुरुस्त केली.